बॅरल संपलंय, हे कोणी ठरवायचं?

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी तिची 34-34 अशी बरोबरी झाली होती, निकाल शूटऑफवर लागला. या फेरीत 10.2 किंवा त्याहून जास्त गुणांची गोळीच 'हिट' धरतात. इथे हात आणि नजर यांच्या जोडीला पिस्तुलाचं बॅरलही इमानदार लागतं.

देऊळघाटच्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीला याच खेळाचा नाद आहे. नवं पिस्तूल घरच्यांना परवडणारं नव्हतं. खेळाडू म्हणून परवाना मिळाला, अब्बूंनी सोयाबीनचे पैसे बाजूला ठेवले आणि एका नेमबाजाचं वापरलेलं .22 पिस्तूल विकायला असल्याचं कळलं. पण ते पाहून आलेल्या दोघा-तिघांनी निकाल देऊन टाकला होता : "बॅरल संपलंय." ती माझ्याकडे आली. "सर, तुम्हीच सांगा, घ्यावं की नको?" मी भाषा शिकवणारा माणूस. मी पोलीस शस्त्रागारातून निवृत्त झालेल्या माझ्या मामूंना सोबत घेतलं.

मामूंनी पिस्तूल हातात घेताच आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली, चेंबर डोळ्यांनी पाहिलं आणि मग करंगळीनेही चाचपलं. "रिकामं आहे असं विकणारा म्हणतो. आपण स्वतः बघायचं."

बसणीबद्दल लोकांचा गैरसमज असतो, असं ते म्हणाले. पोलिसांकडचं 9 मिमीचं पिस्तूल घ्या. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवर ते ईशापूरच्या कारखान्यात बनतं. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं मागे जातात, मग बॅरलचं मागचं टोक खाली उतरतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. असं हलणारं बॅरल घट्ट ठोकून बसवता येत नाही. उघडल्यावर ते खडखडलं म्हणून बाद करायचं नसतं. तपासायचं ते स्लाइड पूर्ण बंद असताना : खोका बाहेर पडतो त्या खिडकीतून बॅरलचा मागचा भाग अंगठ्याने दाबायचा. तो खाली दबून परत वर येत असेल तर पकड सैल झाली आहे. नेम धरायची साधनं स्लाइडवर असतात, बॅरलवर नाही. म्हणून बॅरल दर वेळी स्लाइडमध्ये त्याच जागी परतलं पाहिजे. बॅरलच्या अडकणाऱ्या कंगोऱ्यांवरची चकाकी चालते, पण कडा गोल झाल्या किंवा ठेचल्या गेल्या असतील तर ती झीज.

आमच्या समोरच्या .22 ची गोष्ट वेगळी होती. त्याची गोळी कमी ताकदीची, त्यामुळे बॅरल फ्रेमला पक्कं बसवलेलं असतं आणि फक्त मागचा भाग हलतो. इथे केसभरही हालचाल नको. मामूंनी बॅरल धरून हलवलं, ते किंचित हललं. विकणाऱ्याचा चेहरा उतरला. मॅन्युअलमधलं बसवणीचं पान मी वाचून दाखवलं. तो स्क्रूच ढिला होता. नीट कसल्यावर हालचाल थांबली.

मग आतली तपासणी. उजेडात धरल्यावर नळीतले आटे राखाडी आणि बुजलेले दिसत होते. याच दृश्यावरून 'संपलंय' हा निकाल लागला होता. मामू म्हणाले, "पहले साफ करो, फिर बोलो." चेंबरच्या बाजूने पितळी ब्रश फिरवला, तेव्हा चिंधीवर शिशाचे कण आले. .22 ची गोळी शिशाची असते, तिचा थर बसला की खाच झिजल्यासारखी भासते. साफ केल्यावर आट्यांच्या कडा धारदार निघाल्या. चेंबरच्या लगेच पुढचा भाग ठीक होता. तोंडाच्या कडेवर ओरखडा नव्हता. तोंडाकडून सळई घालणारे तिथेच नुकसान करतात. नळीत कुठे काळी कडीही दिसली नाही. ती दिसली तर आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली आणि बॅरल फुगलं असं समजायचं. असं पिस्तूल फुकटही घेऊ नये.

शेवटचा कौल कागदाचा. रेंजवर टेकू देऊन तिने पाच-पाच गोळ्यांचे गट झाडले. सगळी छिद्रं गोल होती. आटे गोळीला धरत नसतील तर ती आडवी होऊन लांबट छिद्र पाडते. 25 मीटरच्या अचूकतेच्या कागदावर दहाचं वर्तुळ 50 मिमीचं असतं. दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांचे गट त्यात मावले.

व्यवहार कायद्याच्या सगळ्या कागदपत्रांनिशी झाला. पैसे देताना अब्बूंचा हात जरा थरथरला, पण मोजणी चुकली नाही.

मामूंनी तिला एक वही लावून दिली : आज किती गोळ्या झाडल्या, कोणत्या डब्यातल्या, गट केवढा. झीज एका दिवसात दिसत नाही, पण वर्षभराच्या आकड्यांत गट पसरत गेला की कळते. मला ती वही फार आवडते. हस्ताक्षर उर्दू आहे, महिन्यांची नावं मराठी, आणि अजून एकाही पानावर 'संपलंय' हा शब्द नाही.