‘ळ’चा धडा आणि मोबाइल





गेल्या बैठकीत एका विश्वस्तांनी साधा प्रश्न विचारला. संगणक कक्षातले मराठीचे जुने धडे मुलांच्या मोबाइलवर देता येतील का? प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. हे धडे ‘फ्लॅश’ या तंत्राने बनवलेले आहेत, आणि फ्लॅश मोबाइलवर असावे की नसावे याबद्दलचे आमचे मत गेल्या पंधरा वर्षांत पार उलटे झाले आहे. ते कसे झाले हे सर्वांना सांगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी धड्याविषयी. इंदुरात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या जिभेवर ‘ळ’ सहज येत नाही. घराचा उंबरठा ओलांडला की हिंदी, आणि हिंदीच्या पुस्तकांत हे अक्षर जवळजवळ भेटतच नाही. गंमत अशी की इथल्या मालवी बोलीत ‘ळ’ आहे, पण पुस्तकी भाषेपुढे त्या बिचाऱ्याचे काही चालत नाही. मग ‘शाळा’ची ‘शाला’ होते, ‘वेळ’ची ‘वेल’ होते, गळ्यातल्या ‘माळे’चा ‘माल’ होतो, आणि आपण राहतो तो ‘माळवा’सुद्धा ‘मालवा’ होऊन बसतो.

दुसऱ्याला हसणे सोपे, म्हणून आमचेच सांगतो. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो. या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा प्रार्थनेनंतर सूचना देताना ‘उद्या सकाळी’ऐवजी ‘उद्या सकाली’ म्हणालो. पुढच्या रांगेतली मुले खुदकन हसली. मधल्या सुट्टीत मराठीच्या बाईंनी आम्हाला बाजूला बोलावले आणि जीभ टाळूला नेमकी कुठे टेकवायची ते दाखवले. मुलांसमोर नाही, बाजूला बोलावून. ते आम्ही विसरलो नाही.

२००४ साली आपल्या संगणक शिक्षकांनी याच बाईंच्या आवाजात ‘ळ’चा धडा तयार केला. दुपारी ग्रंथालयाचे पंखे बंद करून, घाम पुसत पुसत, बाईंनी चाळीस शब्द ध्वनिमुद्रित केले. पडद्यावर बाळ, केळे, कमळ, फळा, नारळ अशी चित्रे. माउसचा बाण चित्रावर आणला की बाई तो शब्द उच्चारायच्या. हवा तितक्या वेळा ऐकावा, स्वतः म्हणून पाहावा, आणि मग क्लिक करून पुढच्या चित्राकडे जावे. एवढाच तो धडा. पण पंधरा वर्षे पहिलीच्या प्रत्येक वर्गाने त्यावर जीभ घोटवली.

त्या काळी फ्लॅशच का निवडले, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. १९९६ साली हे सॉफ्टवेअर ‘फ्युचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावाने बाजारात आले, त्याच वर्षाअखेर मॅक्रोमीडिया कंपनीने ते घेतले आणि त्याचे ‘फ्लॅश’ झाले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीच्या ताब्यात गेली. फ्लॅश चित्रे ठिपक्यांऐवजी रेषा आणि वळणांच्या गणिताने साठवी, त्यामुळे फाइल लहान राही आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या मंद इंटरनेटवरही उतरून येई. आपल्या दृष्टीने त्याहून मोठी सोय दुसरीच होती. आमच्या कक्षात विंडोज ९८ चे संगणक होते. एका संगणकावर टाइप केलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की अक्षरांच्या जागी चौकोन नाहीतर भलतीच चिन्हे दिसत. फ्लॅश अक्षरांचे आकारच फाइलमध्ये बांधून नेई, म्हणून मराठी सगळीकडे सारखी दिसे. मराठी शाळेला आणखी काय हवे होते?

आता वादाकडे येऊ. २००७ साली ॲपलचा आयफोन आला, तो फ्लॅशशिवाय. २९ एप्रिल २०१० रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणे दिली. फ्लॅश एकाच कंपनीच्या मालकीचे आहे, ते सुरक्षित नाही, संगणक त्यामुळे बंद पडतात, ते बॅटरी खाते, असे त्यांचे म्हणणे. नव्या पद्धतीच्या चित्रफिती आयफोनवर दहा तासांपर्यंत चालतात, तर ज्या सॉफ्टवेअरकडून उलगडून घ्याव्या लागतात त्या पाच तासांच्या आत बॅटरी संपवतात, असा त्यांचा दावा होता. आणि एक मुद्दा स्पर्शाचा. फ्लॅशची पाने माउससाठी बनली आहेत, बोटांसाठी नव्हेत. ॲडोबीने जाहिराती देऊन उत्तर दिले, की वापरणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य हवे.

आम्ही तेव्हा ठामपणे ॲडोबीच्या बाजूने होतो. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना, “हा श्रीमंतांचा हट्ट आहे, आपले एवढ्या मेहनतीचे धडे एका माणसाच्या लहरीमुळे निकालात निघणार का?” असे तावातावाने बोललो होतो. जॉब्स यांचा स्वार्थही उघड दिसत होता. २००८ पासून ॲपलचे स्वतःचे ॲप विकण्याचे दुकान सुरू झाले होते. फ्लॅशमधले खेळ ब्राउझरमध्येच फुकट चालू लागले असते, तर त्या दुकानात कोण गेले असते?

स्वार्थ होता, हे आजही आम्हाला वाटते. पण स्वार्थी माणसाचे म्हणणे खोटेच असते असे नाही. याचा निवाडा दुसरीकडे झाला. अँड्रॉइड फोनवर २०१० साली फ्लॅश आले, तरी मोबाइलवर ते कधी नीट रुळले नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये खुद्द ॲडोबीनेच मोबाइलच्या ब्राउझरसाठी फ्लॅशचे पुढचे काम थांबवल्याचे जाहीर केले, आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून नव्याने उतरवून घेणेही बंद झाले. आम्ही मात्र याची दखल घेतली नाही. आपल्या कक्षात संगणक होते, धडा चालत होता. मोबाइलशी आपला काय संबंध, असे म्हणून स्वस्थ बसलो.

संबंध आला तो २०२० च्या मार्चमध्ये. शाळा बंद झाली. बहुतेक घरांत संगणक नव्हता, मोबाइल होता, तोही बाबा कामावरून आल्यावर हाती येणारा. आम्ही मोठ्या उत्साहाने ‘ळ’ची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. तासाभरात पालकांचे फोन सुरू झाले. फाइल उघडतच नव्हती. एका आजींनी विचारले, “सर, तुमच्याकडे तरी उघडते का?” आम्ही आमच्या मोबाइलवर पाहिले. आमच्याकडेही उघडत नव्हती.

पुढे ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशला कायमचा निरोप दिला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच फाइल दाखवायला नकार देऊ लागला. शाळा पुन्हा भरली तेव्हा कक्षातल्या संगणकांवरही तो धडा निमाला होता. दरम्यान बाईही आपल्याला सोडून गेल्या होत्या.

आम्ही हळहळलो आणि इलाज शोधू लागलो. ‘रफल’ नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये, मोबाइलवरसुद्धा चालवते. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यात ‘ळ’चा धडा लावून दाखवला. चित्रे दिसली, बाईंचा आवाज आला, आणि आम्हाला दोन क्षण काही बोलता आले नाही.

मग पहिलीतल्या एका मुलीच्या हाती तो मोबाइल दिला. तिने बाळाच्या चित्रावर बोट ठेवले. बाईंचा आवाज निघतो न निघतो तोच चित्र पालटून केळे आले. तिने पुन्हा बोट ठेवले, कमळ आले. बोटाला माउससारखे चित्रावर नुसते थांबता येत नाही. टेकले की ते क्लिकच. म्हणजे ऐकण्याची जागाच धड्यातून नाहीशी झाली होती. अर्ध्या मिनिटात चाळीस चित्रे संपवून तिने मोबाइल परत दिला आणि म्हणाली, “सर, झाला खेळ.” एकही शब्द तिने ऐकला नव्हता. स्पर्शाबद्दलचा तो मुद्दा दहा-बारा वर्षे उशिरा, आमच्याच शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलीने आम्हाला शिकवला.

धडा बोटासाठी बदलावा म्हटले, तर तेही जमेना. फ्लॅशमध्ये कामाची मूळ फाइल वेगळी असते आणि दाखवण्याची वेगळी. मूळ फाइल असलेला संगणक आम्ही २०११ साली भंगारात दिला होता. ही चूक कोणा कंपनीची नाही, आमचीच आहे. धड्यातले मराठीही जुन्या फाँटचे. ते ना शोधता येते, ना उतरवून घेता येते. जी अक्षरे बांधून नेण्याची सोय आम्हाला वरदान वाटली होती, तिनेच ती अक्षरे आत कोंडून ठेवली.

मात्र आवाज वाचला. त्याच माजी विद्यार्थ्याने फाइल उलगडून बाईंचे चाळीस शब्द एकेक करून बाहेर काढले. ते आता साध्या एमपी३ फाइली म्हणून तीन ठिकाणी जपून ठेवले आहेत.

तेव्हा विश्वस्त मंडळींना आमचे उत्तर असे. जुना धडा जसाच्या तसा मोबाइलवर देऊ नये. तो संगणक कक्षात ‘रफल’च्या साह्याने, माउससह, आठवण म्हणून चालू राहू द्यावा. मोबाइलसाठी त्याच आवाजावर नवा धडा करावा. त्यात एका स्पर्शाने शब्द ऐकू यावा, पुन्हा स्पर्श केला की पुन्हा यावा, आणि पुढे जाण्याचे बटण वेगळे, खाली, चांगले मोठे असावे. मजकूर युनिकोड मराठीत असावा आणि बांधणी एचटीएमएलची, कारण ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही.

तयार ॲप विकत घ्यावे, अशीही एक सूचना आली आहे. तिला आमचा विरोध नाही, पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मूळ चित्रे, आवाज आणि मजकूर शाळेला मिळणार का? ती कंपनी उद्या बंद पडली तर धडा चालेल का? आणि पहिलीतल्या मुलाच्या बोटाने तो कोणी वापरून पाहिला आहे का? २००४ मध्ये आम्ही यातले काहीच विचारले नव्हते.

पालकांनाही एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांचा ‘ळ’ अजून खणखणीत आहे. त्यांच्या आवाजातले दहा शब्द मोबाइलवर मुद्रित करून शाळेकडे पाठवावेत. नव्या धड्यात तेही घालू.

नव्या धड्याचा कच्चा नमुना तयार आहे. परवा त्याच मुलीला दाखवला. तिने फळ्याच्या चित्रावर बोट ठेवले. बाई म्हणाल्या, “फळा.” ती म्हणाली, “फला.” पुन्हा बोट ठेवले. बाई पुन्हा म्हणाल्या, “फळा.” असे पाच-सहा वेळा झाले. बाई रागावल्या नाहीत, आणि कोणी हसलेही नाही. सातव्या वेळी तिची जीभ टाळूला लागली.



आपले,
प्राचार्य