डिडनं तिकीट काढलंय

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ नावाचा प्रकार असतो. प्रश्नार्थी करा, नकारार्थी करा, वगैरे. गोवंडीत, बैंगनवाडीतल्या एका खोलीत मी संध्याकाळी शिकवते. मराठी, हिंदी, उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या मुली येतात आणि अडतात एकाच जागी: ‘आय डिडन्ट वेन्ट’.

यावर ठरलेला उपाय म्हणजे ‘डिडनंतर क्रियापदाचं मूळ रूप’ हा नियम दहा वेळा लिहिणं. मुली लिहितात. अकराव्या वेळी पुन्हा वेन्ट. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही.

मला वाटतं, ही चूक ढ मुलींची नाही. स्वतःची भाषा पक्की असलेल्या मुलींची आहे. आपल्याकडे वाक्यात एक शब्द बदलला की शेजारपाजारचेही बदलतात. ‘माझा मोठा भाऊ आला’, पण ‘माझी मोठी बहीण आली’. बहिणीची दखल तिघांनी घेतली. ‘मेरी बड़ी बहन आई’, तिथेही तेच. अशा भाषेत वाढलेल्या मुलीला डिड भूतकाळात गेल्यावर गो एकटा मागे राहिलेला बघवत नाही. ती त्यालाही सोबत नेते. इंग्रजी मात्र कंजूष. काळाची खूण एकदाच करणार. ‘शी डझन्ट गोज’मधला जास्तीचा एसही याच हिशेबात उडतो.

मी सांगते, डिडनं तिकीट काढलंय, आता गोनं काढायचं नाही. हार्बर लाइनच्या पोरी यावर हसतात. एकीने विचारलंही, टीसीने पकडलं तर?

तिकिटापेक्षा कामी आली ती मराठीच. मी जात नव्हते, तो जात नव्हता, आम्ही जात नव्हतो. ‘जात’ जागचा हलत नाही, सगळा भार ‘नव्हते’वर. उर्दू माध्यमाच्या मुलींसाठी ‘मैं जा नहीं सकी’: ‘जा’ तसाच, बदलते ती ‘सकी’. अर्थ ‘डिडन्ट गो’हून वेगळे आहेत, मान्य. पण एकानेच ओझं वाहायची रीत तीच. ती या मुलींना लहानपणापासून येते, फक्त कुणी दाखवलेली नसते.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा म्हणणाऱ्यांना हे रुचत नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठीचं बोट धरूनच इंग्रजीकडे नेत होती. तिची वाक्यं आज जुनाट वाटतात, पण वाट बरोबर होती. घरात इंग्रजीचा शब्द कानावर पडत नाही, तिथे मुलीचं भांडवल म्हणजे तिची स्वतःची भाषा.

आमच्यातली एक दिवसा जरीकाम करते. इंग्रजी राहिलंय, आता फेरपरीक्षा. शाळेत एकदा तिच्या ‘डिडन्ट वेन्ट’वर वर्ग हसला, तेव्हापासून ती इंग्रजीत बोलतच नाही. या खेपेला नाही निघालं तर शिक्षण बंद, असं घरी ठरलंय. गेल्या आठवड्यात ती वहीतून मान वर करून म्हणाली, “दीदी, फिर ‘कुडन्ट वेन्ट’ भी गलत ना? कुड ने भी टिकट निकाला है.”

कुड मी अजून शिकवलाच नव्हता.