कागदावर १ जून, फूल कोणतं?

वाढदिवसाच्या कार्डांसाठी महिन्यामहिन्याची जन्मफुलं देणारी एक यादी सगळीकडे फिरते. जानेवारीला स्नोड्रॉप, मार्चला डॅफोडिल, ऑगस्टला पॉपी. थंड मुलखात ती यादी खरी आहे, कारण तिथं ज्या महिन्यात जे फूल फुलतं तेच त्या महिन्याचं. बीडमध्ये तिचं फक्त चित्र उरतं. इथं मार्चमध्ये बालाघाटाच्या माळावर पानं झडलेल्या पळसाला नुसती केशरी फुलं असतात, आणि डॅफोडिल कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून हातानं भेट करणाऱ्यानं यादी बाजूला ठेवावी आणि ज्याच्यासाठी भेट करायची त्याच्या घरी विचारावं, की हा जन्मला तेव्हा रानात काय फुललं होतं?

हा प्रश्न आपल्याकडे परका नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी शाळा सुरू होण्याचा महिना धरून ती लिहिली. आई मात्र वेगळं सांगते. पोळा दोन दिवसांवर होता, किंवा बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली शिमग्याच्या सुमारास. या सांगण्यात फूल आधीच दडलेलं असतं. शिमगा म्हणजे पळस, पोळा म्हणजे फुलावर आलेली कपाशी, दसरा म्हणजे झेंडू आणि बांधावरचा पिवळा तरवड, संक्रांत म्हणजे करडई. ज्याच्या कागदावर खोटी तारीख आहे त्याला आईच्या आठवणीतलं फूल देणं म्हणजे त्याचा खरा वाढदिवस त्याला परत देणं, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, फुलाचा काय भरवसा? पावसानं ओढ दिली की कपाशी मागं पडते, अधिक महिना आला की सणही सरकतात. खरं आहे. पण आईची आठवणही ‘सुमारास’ अशीच असते, आणि सुमाराला सुमारच शोभतो. दुसरा आक्षेप असा, की हा नुसता देशीपणाचा हट्ट आहे. तसं असतं तर झेंडू आधी वगळावा लागला असता, कारण तो मूळचा मेक्सिकोकडचा. कपाशीचं आज सर्रास घेतलं जाणारं वाणही अमेरिकन कुळातलंच. मूळ कुठलं हा मुद्दाच नाही. त्या घरानं ते फूल त्या हंगामात पाहिलेलं असावं, एवढंच पुरे.

वाढदिवसाला कपाशीच्या फुलाइतकं चपखल फूल मला दुसरं दिसत नाही. सकाळी उमलतं तेव्हा ते सायीच्या रंगाचं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग सुकून गळतं आणि मागं बोंड धरतं. एकाच फुलात काल आणि आज दोन्ही दिसतात. फक्त सायीच्या रंगाचं फूल तोडू नये, ते तोडलं की शेतकऱ्याचं एक बोंड गेलं. गुलाबी झालेल्या पाकळ्या मात्र बुडाशी हलक्या हातानं फिरवल्या की सुटून येतात आणि आतलं कोवळं बोंड जागेवर राहतं. या पाकळ्या जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर वजन द्यावं, दुसऱ्या दिवशी कागद बदलावा, नाहीतर ओल धरून डाग पडतात. आठ-दहा दिवसांत त्या पातळ कागदासारख्या होतात. कार्डाचा कागद सायीच्या रंगाचा घ्यावा, म्हणजे पहिला दिवस कागदानं सांगितला आणि दुसरा पाकळीनं. पळसाची पाकळी जाड असते, दाबली की काळवंडते. तिला उकळून, पाण्यात तुरटी घालून कागद रंगवणंच बरं. तरवडाची पिवळी पाकळी मात्र दाबून चांगली टिकते.

सगळ्यात अवघड प्रश्न ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्यांचा. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मधल्या महिन्यांत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, जन्मलेल्या लेकराच्या आईनं तेव्हा गावाकडची करडई पाहिलेली नसते, तिच्यासमोर असतो तुरा आलेला ऊस. तो रुपेरी तुरा दाबावाही लागत नाही, सावलीत उलटा टांगला की तसाच राहतो. तो द्यावा का, हे करणाऱ्यानं स्वतः ठरवू नये. त्या माणसाच्या आईला विचारावं. तिनं नको म्हटलं, तर ती सांगेल ते फूल घ्यावं.