डाख

पितळेची भांडी ज्यांच्या घरी अजून आहेत, त्यांना कल्हईवाला आठवत असेल. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागर टाकून पुसायचे आणि मग कथील फिरवायचे, ही त्याची रीत. नवसागर कशासाठी? तर धातूवरचा मळ निघाल्याशिवाय कथील धरत नाही. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर डाख देण्यापूर्वी जो फ्लक्स लावतो, त्याचे कामही तेच. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले, तर ते मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते. हे आकडे मी पुस्तकातून शिकले. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते ठाऊक नाहीत. डाख केव्हा धरला हे त्यांना त्याच्या चकाकीवरून कळते.

आबांचे मंद्रूपला मोटारी भरण्याचे छोटे दुकान आहे. सोलापूरहून विजयपूरला जाणारा महामार्ग आमच्या गावातून जातो. त्यामुळे गिऱ्हाईक निम्मे मराठीत बोलते, निम्मे कानडीत. उन्हाळ्यात विहिरी आणि बोअर खोल जातात, वीज कमी दाबाने येते, मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि आतली तार जळते. मग ती आबांकडे येते. जुनी कॉइल कापण्याआधी तिचे वेढे किती, तारेचे गेज कोणते, जोड कसे दिले आहेत, हे टिपून ठेवावे लागते. पूर्वी आबा ते खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लिहीत. गेली चार वर्षे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. तेव्हा तो फोन म्हणजे आमच्या दुकानाची वहीच आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गेल्या वर्षी त्या फोनची चार्जिंगची खाच ढिली झाली. आबांनी सोलापुरातून नवी खाच आणली आणि स्वतः डाख देऊन बसवली. फोन चालू झाला, पण चार्ज होईना. उलट बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागली. शेजारी म्हणाले, “बोर्ड जळालं असंल, नवा घ्या.” आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. नंतरच्या आठवड्यात त्यांनी दोन लहान मोटारी परत पाठवल्या. “आता हे काम तरण्या पोरांचं,” असे ते आईला म्हणाले. आमच्या घराला खरा धक्का बसला तो या वाक्याने. फोन काय, दुसरा घेता आला असता.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. “बी. ए. करून काय करणार?” हा प्रश्न मला बसमध्येसुद्धा विचारला जातो. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. परंतु इतिहासाच्या तासाला एक गोष्ट मनावर ठसली होती. एखादा कागद समोर आला की आधी त्यावर मत द्यायचे नाही. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्याला शेवटचा हात कोणाचा लागला, हे विचारायचे. फोनच्या बाबतीतही मी तेच करायचे ठरवले. वहीत तीन ओळी लिहिल्या. काय चालते? काय चालत नाही? शेवटचा हात कोठे लागला?

फोन चालू होत होता, म्हणजे बोर्ड जळालेले नव्हते. त्याच चार्जरवर आणि त्याच केबलवर मैत्रिणीचा फोन चार्ज झाला, म्हणजे तेही ठीक होते. आबांच्याच मीटरने मोजले, तर बॅटरी ३.६ व्होल्ट दाखवत होती आणि केबलमधून ५ व्होल्ट खाचेच्या पहिल्या पायापर्यंत पोहोचत होते. वीज दारापर्यंत येत होती, पण घरात शिरत नव्हती. राहता राहिली ती खाच.

आमच्या जुन्या फोनची खाच मायक्रो-यूएसबी जातीची, पाच पायांची. पहिला पाय वीज आणतो, दुसरा व तिसरा माहिती नेतात, पाचवा वीज परत नेणारा. चौथा पाय मात्र केवळ खुणेचा. तो पाचव्याला जोडलेला दिसला की फोन समजतो, आपल्याला पेनड्राइव्हसारखी वस्तू लावली आहे, तिला आपण वीज पुरवायची. मग तो वीज घेण्याऐवजी देऊ लागतो. बॅटरी लवकर का उतरत होती, याचा उलगडा मला येथे झाला.

बॅटरी काढून ठेवली, मीटर बीपवर लावला, त्याच्या टोकांना सुया बांधल्या आणि शेजारशेजारच्या पायांवर एकेक करून टेकवल्या. पहिला-दुसरा गप्प. दुसरा-तिसरा गप्प. तिसरा-चौथा गप्प. चौथा-पाचवा ठेवताच मीटर वाजला.

मैत्रिणीच्या फोनने त्या जागेचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. दोन पायांमध्ये डाखाचा केसाएवढा धागा पसरला होता. या खाचेत एका पायाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर अवघे ०.६५ मिलिमीटर असते. फोटो आबांपुढे धरला. त्यांनी तो हातभर लांब नेला आणि बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाले, “हे मला दिसलंच न्हाई गं.”

डाख उत्तम धरला होता. हातही थरथरला नव्हता. मोटारीची जाड तार आबा बोटांनी ओळखतात, तेथे नजरेवाचून अडत नाही, येथे अडले. वर्तमानपत्र लांब धरणे, सुईत दोरा ओवायला आईला हाक मारणे, हे सारे आम्ही रोज पाहत होतो. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे धूसर दिसते. म्हणूनच तर आपल्या भाषेत त्या चष्म्याचे नावच ‘चाळिशी’ आहे. आबा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. हात गेला असे समजून ते धंदा सोडायला निघाले होते, आणि हवा होता फक्त चष्मा.

डोळे तपासून चष्मा आणला. त्यानंतर तो जोड आबांनीच सोडवला. थोडा फ्लक्स, त्यावर तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, तिच्यावर तापलेल्या सोल्डर गनचे टोक. जादा डाख पट्टीत ओढला गेला. अर्ध्या मिनिटाचे काम! चौथ्या-पाचव्यावर सुया ठेवल्या, मीटर गप्प राहिला. बॅटरी बसवून केबल लावली, तेव्हा फोन चार्ज होऊ लागला.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. वस्तू कशी दुरुस्त करावी याची माहिती कंपन्यांनी ग्राहकांसाठी तेथे द्यावी, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. परंतु माहिती एकीकडे आणि कसब दुसरीकडे, अशी स्थिती आमच्यासारख्या गावात फार आहे. पाचही पायांची नावे मला वाचून कळली, पण डाख देणे मला येत नाही. आबांना ते येते, पण ती नावे त्यांच्यापर्यंत कोणी आणली नव्हती. शिकलेल्या मुलांनी घरी एवढे जरी आणले, तरी बसमधल्या त्या प्रश्नाला थोडेसे उत्तर मिळेल असे मला वाटते.

परत पाठवलेल्या मोटारींपैकी एक पुन्हा आली. आता संध्याकाळी आबा चष्मा लावून फोटो पाहतात आणि वेढे व गेज सांगतात. मी जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेते. पुन्हा फोन बंद पडला तरी दुकान अडू नये म्हणून. तेवीस मोटारी लिहून झाल्या आहेत. उरलेल्या उन्हाळ्याआधी संपवायच्या आहेत.