नुनाकावाच्या तळाशी

आमच्या महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "तुमच्या काव्यात सगळं असतं हो, पुरावा तेवढा नसतो." तेव्हा उत्तर सुचले नाही. ते मला जपानातल्या इतोइगावा या गावी मिळाले.

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तोक्योत असतो. त्याच्याकडे गेलो असता दोन दिवस या गावाला दिले. शिंकानसेन गाडी बोगद्यामागून बोगदे ओलांडीत जपानी समुद्राशी आणून सोडते. तिथून कोताकी नदीच्या घळीत गेलो. डोक्यावर म्योजो डोंगराचा चुनखडीचा सरळसोट कडा आणि खाली पाण्यात बैलगाडीएवढे पांढुरके धोंडे. मन जरा खट्टूच झाले. जेड म्हणजे हिरवेगार, ही आपली समजूत! भावाने बोट दाखवले तेव्हा कुठे एका धोंड्यावरची हिरवी झाक दिसली.

जपानातल्या प्राचीन थडग्यांतून स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे मणी निघतात. त्यांना 'मागातामा' म्हणतात. (व्याकरण शिकवणाऱ्याला हा दागिना आवडलाच पाहिजे.) ५००० वर्षांपूर्वीही या भागातली माणसे जेड घडवीत. पुढे आठव्या शतकाच्या सुमारास ती चाल मोडली आणि दगड कुठला हेही लोक विसरले. तो परदेशातून, बहुधा ब्रह्मदेशातून येत असावा, असा विद्वानांचा समज झाला. पण ७१२ सालच्या 'कोजिकी' ग्रंथात नुनाकावा राजकन्येची कथा आहे, आणि 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहात नुनाकावा नदीच्या तळच्या रत्नाचा उल्लेख आहे. इतोइगावाचे साहित्यिक सोमा ग्योफू (१८८३–१९५०) यांनी तो उल्लेख कविकल्पना म्हणून सोडून दिला नाही. त्यांच्या तर्कावरून शोध सुरू झाला, असे गावात सांगतात. १९३८ साली कोताकी नदीत हिरवा दगड सापडला आणि १९३९ साली तो जेडच असल्याचे शास्त्रीय निबंधात छापून आले!

उरलेली कथा फोसा माग्ना संग्रहालयात कळली. आपला सह्याद्री तप्त लाव्ह्याचा. इथला प्रकार उलटा. समुद्राचा थंड तळ शेजारच्या भूखंडाखाली सरकत जातो. वीस-तीस किलोमीटर खोल आणि त्याहूनही खाली दाब प्रचंड असतो, पण थंड खडकाला तापायला पुरती सवड मिळालेली नसते. त्यातून पिळून निघालेले पाणी सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका घेऊन वरच्या खडकाच्या भेगांत शिरते, आणि तिथे जेडाइटचे स्फटिक धरतात. त्याच पाण्याने वरच्या खडकाचा सर्पेंटाइन होतो. हा हलका आणि निसरडा. तोच जेडला पाठुंगळी घेऊन वर येतो. वाटेत रेंगाळले तर दाब उतरून जेडाइटचे साध्या अल्बाइटमध्ये रूपांतर होऊ लागते. म्हणून हा दगड दुर्मीळ. सह्याद्रीचे वय साडेसहा कोटी वर्षे. इथले जेड सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे.

घळीतला दगड उचलायला मनाई आहे. १९५६ पासून ते राष्ट्रीय निसर्गस्मारक आहे. समुद्रकिनाऱ्यावर मात्र लोक माना खाली घालून हिंडत असतात. मीही हिंडलो. एक हिरवा गोटा घेऊन संग्रहालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी तो तळहातावर तोलला आणि अदबीने म्हणाले, "कित्सुने-इशी." म्हणजे कोल्ह्याचा दगड, जेडचे सोंग घेऊन फसवणारा. भाऊ पोट धरून हसला.

गोटा मी घरी आणला आणि आमच्या प्राध्यापकांना सगळी हकिकत सांगून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "याच्याबद्दल त्या काव्यात काय लिहिलंय?"