चंदीच्या आधी वैरण

मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावला, म्हणजे पूर्वीच्या कंधार तालुक्याच्या मुलखात, खंडोबाची जी यात्रा भरते, तिच्या घोडेबाजारात जनावराची पारख चाल, उंची, रंग, भोवरे आणि दात यांवरून बारकाईने होते. खुराकाची चौकशी मात्र बहुधा चंदी किती, एवढ्यावरच आटोपते. चंदी म्हणजे वैरणीखेरीज दिला जाणारा दाणा, आणि मराठवाड्यात तो मुख्यतः भिजवलेला हरभरा, भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, गव्हाचा कोंडा आणि ऐपत असेल तेथे ओट किंवा बार्ली असा असतो. प्रदर्शनात किंवा शर्यतीत उतरवायच्या घोड्याचा दाणा वाढवला की त्याच्यात जोर येतो, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की वैरण ही केवळ पोट भरण्याची, दुय्यम गोष्ट ठरते. घोड्याच्या शरीराची घडण पाहता हा क्रम उलटा लावणे भाग आहे, आणि कंधार-लोह्याच्या टापूत तो लावण्यातील खरी अडचण तबेल्यात नसून रानात आहे.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते; मोठ्या घोड्यातही ते साधारण 8 ते 15 लिटरांचे भरते, आणि त्यात आम्लाचा स्राव दिवसरात्र चालू राहतो, मग पोटात अन्न असो वा नसो. या आम्लाला शमवणारी लाळ मात्र तो चावत असेल तेव्हाच सुटते. एक किलो वाळले गवत खायला घोड्याला सुमारे 40 मिनिटे लागतात आणि त्यासाठी तो तीन हजारांहून अधिक वेळा जबडा हलवतो, तर एक किलो ओट तो दहा-एक मिनिटांत, हजारभर चावण्यांत संपवतो. तोंडाला तोबरा बांधून सकाळ-संध्याकाळ दाणा चारलेला आणि मध्ये मूठभर कडब्यावर ठेवलेला घोडा म्हणूनच दिवसाचे कित्येक तास रिकाम्या, आम्लाने भरलेल्या जठरानिशी खुंट्याला उभा असतो. जठराच्या वरच्या भागातील अस्तराला आम्लापासून संरक्षण देणारा श्लेष्माचा थर नसतो. घोडा दौडू लागला की खालचे आम्ल त्या भागावर उसळते, आणि शर्यतीच्या घोड्यांत जठरव्रण इतके सर्रास आढळण्याचे हे एक मोठे कारण आहे. रपेटीपूर्वी अर्धा तास थोडी लसूणघासाची कुट्टी चारल्यास तिचा थर जठरात तरंगत राहतो आणि तिच्यातील कॅल्शियम आम्लही काही अंशी शमवते. उपाशी पोटी घोडा पळवण्याची रीत त्यामुळे सोडून द्यावी हेच बरे.

दाण्यातील स्टार्च, म्हणजे धान्याचा पिठूळ भाग, लहान आतड्यात पचला तर त्याची साखर होते. परंतु एका वेळी फार स्टार्च आला तर तो न पचता पुढे आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात उतरतो. या भागांत अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि ते गवतातील तंतू आंबवून त्यांपासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात, जी रक्तात शोषली जाऊन घोड्याला तासन्‌तास संथपणे ऊर्जा पुरवतात. तेथे स्टार्च पोहोचला की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू माजतात, तंतू पचवणारे मरू लागतात, आणि त्यातून पोटशूळ किंवा खुराच्या आतील पापुद्र्यांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होण्यापर्यंत मजल जाते. ही आपत्ती टाळण्यासाठी देहाच्या दर किलो वजनामागे एका वेळेला एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च देऊ नये, असा सावध दंडक पशुआहारशास्त्रात सांगितला जातो. चारशे किलोच्या मारवाडी घोड्यासाठी ही मर्यादा 400 ग्रॅम होते. ज्वारीत साधारण 70 टक्के स्टार्च असल्याने एका वेळची ज्वारी अर्ध्या किलोच्या थोडी पुढे गेली की ही मर्यादा ओलांडली जाते.

युरोपात तृणधान्यमुक्त खुराकाचा पुरस्कार होतो तेव्हा ओट, बार्ली आणि मका वगळण्यावर भर असतो, कारण तिकडची चंदी तीच. मराठवाड्यात हरभरा हा कडधान्य असल्याने तो या वगळणुकीतून सुटतो, पण त्यातही सुमारे 40 टक्के स्टार्च असतो आणि ज्वारी काढून तिच्या जागी दोन-तीन किलो हरभरा भरणाऱ्याच्या घोड्याला काहीच फायदा होत नाही. कोंड्याचे दुखणे वेगळे आहे. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो, आणि दीर्घकाळ भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याचे शरीर कॅल्शियमची ही तूट हाडांतून भरून काढते, ज्यामुळे जबड्याची हाडे फुगतात व ठिसूळ होतात. गाईम्हशींना मानवणाऱ्या संकरित हत्तीगवतातील ऑक्झॅलेटही कॅल्शियम बांधून ठेवते आणि घोड्याला याच वाटेने नेते. लाल कंधारी गाईच्या गव्हाणीतील चारा उचलून घोड्यापुढे टाकणे म्हणूनच निर्धोक नाही.

दाण्याविना स्पर्धेचा घोडा तयार होतो का, याचे गंभीर उत्तर स्वीडनमध्ये शोधले गेले. उप्साला येथील कृषी विद्यापीठात ॲना यान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावातील दुडक्या शर्यतीच्या घोड्यांना एकदा केवळ गवतावर आणि एकदा गवत व ओट यांच्या मिश्र खुराकावर ठेवून पाहिले, तेव्हा निव्वळ गवतावरील घोड्यांच्या रक्तात श्रमानंतर लॅक्टिक आम्लाचे प्रमाण कमी राहिल्याचे दिसले. मात्र त्यांच्या स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, काहीशी कमी भरली. ही दुसरी गोष्टही तितकीच लक्षात ठेवली पाहिजे, कारण मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील दीड-दोन मिनिटांच्या भरधाव शर्यतीला हीच साखर लागते. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत चित्र पालटते: तंतूंनी भरलेल्या मोठ्या आतड्यात पाणी आणि क्षार साठून राहतात, आणि घामाने निथळणारा घोडा मैलोन्‌मैल त्या साठ्यावर तग धरतो. माळेगावची चालीची पारख किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातील प्रदर्शन या दोहोंच्या मधले आहे, आणि तेथे दाण्यावाचून घोडा कमी पडेल असे मानायला सबळ कारण नाही.

स्वीडनमधील ते गवत मात्र कोवळ्या अवस्थेत कापलेले, पानांनी भरलेले होते, आणि सगळी गोम येथे आहे. बालाघाटच्या माळांवर मारवेल, पवना, शेडा ही उत्तम गवते उगवतात, पण एकाच बांधावरच्या मारवेलाच्या दोन पेंढ्या शेजारी ठेवल्या तरी त्यांत अंतर दिसते. फुलोऱ्यात कापून सावलीत वाळवलेल्या पेंढीचा रंग हिरवट राहतो, पाने काडीला धरून असतात, मुठीत दाबली तर ती लवते आणि तिला गोडसर वास येतो. बी झडल्यावर कापलेली पेंढी पिवळी, पाने गळालेली, आणि काडी बोटांत कडकन मोडणारी असते. दुसरीतील तंतूंना लिग्निन या काष्ठद्रव्याने इतके जखडलेले असते की सूक्ष्मजीवांनाही ते फोडता येत नाहीत, आणि कुसळी मिसळलेली असेल तर तिची अणकुचीदार कुसळे तोंडात घाव करतात. अशा वैरणीवर घोडा खंगतो, मालक दाणा वाढवतो, आणि दोष गवताच्या जातीवर जातो; खरे तर तो कापणीच्या तिथीचा असतो.

कापणी लांबते त्याचे कारणही गुपित नाही. भाद्रपद-आश्विनात गवत फुलोऱ्यात येते त्याच सुमारास सोयाबीनची काढणी सुरू होते, आणि गावातले सगळे हात तिकडे वळतात. याच सोयाबीनने खरीप ज्वारीची जागा घेतल्यामुळे कडबाही आटला आहे. त्याची थोडी भरपाई हेच पीक करू शकते: लातूरच्या बाजारपेठेभोवतीच्या तेलगिरण्यांत निघणारी सोयाबीनची साल, तिच्यात लिग्निन कमी असल्याने, मोठ्या आतड्यात चांगली आंबते, आणि डाळमिलमधील हरभऱ्याची टरफलेही, पिठूळ चुनी चाळून वेगळी केल्यास, उपयोगी पडतात. शेतातील सोयाबीनचे भुसकट ही निराळी, खरबरीत वस्तू असून तिची गल्लत करू नये. अधिक जोर हवा असेल तेथे पाव लिटरपर्यंत करडईचे तेल, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत, देता येते, कारण पित्ताशय नसूनही घोडा तेल उत्तम पचवतो. त्याबरोबर ई जीवनसत्त्व, मीठ आणि तांबे-जस्ताचे खनिजमिश्रण हवेच, कारण वाळल्या गवतात ते पुरेसे नसतात. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो वाळले गवत लागते, म्हणजे पावसाळ्यापर्यंतच्या आठ महिन्यांत सुमारे दोन टन.

या हिशोबाची जाण महाराष्ट्राला नवी नाही. चिपळूणजवळ छावणी असलेल्या फौजेच्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांच्या काळी, 1670च्या दशकात, गेलेल्या प्रसिद्ध पत्रात दाणा आणि गवत उन्हाळ्यातच उधळले तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि दिव्याच्या वातीने किंवा चुलीच्या विस्तवाने वैरणीच्या गंजी पेटू शकतात, अशी ताकीद आहे. घोडदळावर उभे राहिलेले राज्य गंजीची एवढी काळजी वाहत होते. माळेगावच्या प्रदर्शनात घोड्याबरोबर त्याच्या मालकाच्या वैरणीची एक पेंढीही परीक्षकांपुढे ठेवण्याची प्रथा पडली, आणि तिला पानांसाठी, रंगासाठी व वासासाठी गुण मिळू लागले, तर सोयाबीनच्या ऐन हंगामातही दोन मजूर माळावर पाठवणे मालकाला परवडू लागेल.