तांदळाचा पांढरा

आमच्या होस्टेलच्या भिंती पांढऱ्या. रूममेट म्हणतो, "हा काय रंग आहे? रंग द्यायचा राहिलाय!" मी गप्प बसतो. माझ्या डोक्यात पांढरा म्हणजे तांदूळ.

मी डहाणू तालुक्यातला, वारली. आमच्याकडे लग्न निघालं की कुडाची भिंत शेणाने सारवून गेरूने लाल करायची. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचा ब्रश करायचा आणि चौक 'लिहायचा'. हो, आमच्यात चित्र काढत नाहीत, लिहितात! चौकात पालघट देवी. तो लिहायचा मान सवाशिणींचा.

पाड्यात माझ्या आईचा हात सगळ्यांत चांगला. मी पाचवीत असताना वडील गेले. पुढच्याच वर्षी बहिणीचं लग्न. आईने पाट्यावर तांदूळ वाटले, वाटी मावशीच्या हातात दिली आणि चुलीशी जाऊन बसली. मावशीची रेघ वाकडी जात होती. मी धावत सांगायला गेलो, तर म्हणाली, "चांगलंच लिहिते ती." वर बघितलं नाही.

परवा सबमिशनच्या रात्री (अर्थात सबमिशन सोडून!) मोबाइलवर झांग शियाओगांग या चिनी चित्रकाराची चित्रं बघत होतो. घरातले जुने फोटो बघून 1990 नंतरच्या काळात त्याने 'ब्लडलाइन' ही मालिका सुरू केली. आई, बाप, मूल, सगळे राखाडी, फोटोसारखे ताठ. त्यांना जोडणारी एक बारीक लाल रेघ. बास. चीनमध्ये लाल म्हणजे लग्न आणि पांढरा म्हणजे सुतक. मला वाटलं, आमचं बरोबर उलटं, पांढरा लग्नाचा! मग चुलीशी बसलेली आई आठवली. सुतक आमच्याही पांढऱ्यात होतं. फक्त ते रंगात नव्हतं, कुणी तो हातात घ्यायचा नाही यात होतं.

आमच्या भागातले गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं, ते मातीत चित्रं काढत बसायचे, असं सांगतात. 1970 नंतर भास्कर कुलकर्णींनी त्यांची कला बाहेर नेली. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. बायकांनी लग्नापुरतं लिहायचं ते या माणसाने रोज लिहिलं, कागदावर लिहिलं. मनात आलं, पुरुषाला चालतं, मग माझ्या आईला का नाही?

दिवाळीला घरी जाताना ड्रॉइंग शीट आणि पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली नेली. आईने बाटली बाजूला सारली. "रंग कशाला? घरात तांदूळ हाय."

शीटला गेरू लावून तिने तारपा नाच लिहिला. इतक्या वर्षांनी, पण रेघ कुठे हलली नाही. चौक मात्र लिहिला नाही. मीही विचारलं नाही.

ती शीट आता आमच्या खोलीत, त्या रंग द्यायच्या राहिलेल्या भिंतीवर आहे. मित्रहो, जरूर बघायला या. पण लवकर या. रंग तांदळाचा आहे आणि होस्टेलमध्ये मुंग्या फार!